असमतोल हात: दुसरी बोली आधी ठरवा, मग पहिली बोला

ब्रिजमध्ये सिंगलटन (एखाद्या रंगाचं एकच पान) किंवा व्हॉइड (त्या रंगाचं एकही पान नाही) असलेल्या हातात, म्हणजे तुमच्या तेरा पानांत, खरी पंचाईत होते ती दुसऱ्या बोलीला. भिडू काय उत्तर देईल आणि त्यावर आपण काय म्हणणार, याचा विचार तोंड उघडण्याआधीच झाला पाहिजे. (पुढचं सगळं पाच पानी मेजर पद्धतीला धरून: इस्पिक किंवा बदाम हे मेजर रंग पाच पानं असल्याशिवाय पहिल्या बोलीत बोलायचे नाहीत. मायनर म्हणजे चौकट आणि किलवर.)

हा हात पाहा. इस्पिक: सत्ती. बदाम: राजा, अठ्ठी, तिर्री. चौकट: एक्का, राणी, नव्वी, चौकी. किलवर: राजा, गुलाम, सत्ती, पंजी, दुर्री. पॉइंट १३ (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १).

लांब रंग म्हणून एक किलवर (किलवर हुकूम धरून सहाच्या वर एक ट्रिक) बोललात. भिडू एक बदाम म्हणाला तर सोपं आहे: तीन पानं आणि सिंगलटनच्या जोरावर दोन बदाम. पण तो बहुधा एक इस्पिक म्हणेल. आता दोन चौकट बोललात तर तो रिव्हर्स झाला, म्हणजे आधीच्या रंगापेक्षा वरचा रंग दोनच्या पातळीवर (रंगांचा क्रम खालून: किलवर, चौकट, बदाम, इस्पिक). भिडूला किलवरवर परतायचं तर तीन किलवर बोलावं लागतं, म्हणून या बोलीला साधारण १७ पॉइंट लागतात. १३ वर बोललात तर भिडू तुम्हाला ताकदवान समजून गेमकडे (बोनस देणाऱ्या मोठ्या बोलीकडे) निघतो आणि ट्रिका कमी पडतात. दोन किलवर बोलायला सहा पानं हवीत, आणि तुमची पाचही काही भक्कम नाहीत. एक नोट्रंप (हुकूम नसलेली बोली) ऐकून भिडू तुमच्याकडे निदान दोन इस्पिक धरून चालतो.

म्हणून चौकट ४, किलवर ५ आणि मध्यम ताकद असेल तर एक चौकट ओपन करा (पहिली बोली), मग दोन किलवर. भिडू दोन चौकटवर थांबू शकतो. तोटा एकच: दोन्ही रंगांत त्याची दोन-दोन पानं असली तर तो चौकट निवडेल आणि तुम्ही ४-२ हुकमात अडकाल. तरी खोट्या रिव्हर्सपेक्षा हे परवडतं. १७ किंवा जास्त असतील तर किलवरच आधी बोला.

५-५ मध्ये (दोन रंगांची पाच-पाच पानं) वरचा रंग आधी, कारण तेच: एक इस्पिक, मग दोन बदाम, म्हणजे भिडू दोनच्या पातळीवरच निवड करतो. ४-४-४-१ मध्ये सिंगलटन चौकटचा असेल तर एक किलवर, एरवी एक चौकट.

हलका हात ओपन करायचा का? पॉइंटांत दोन सर्वांत लांब रंगांची पानं मिळवा; बेरीज २० झाली तर करा. पण पॉइंट कुठे आहेत ते बघा. ५-५ मध्ये १० पॉइंट लांब रंगांत असतील तर बेलाशक ओपन करा. त्यातले तीन सिंगलटन राजाचे असतील तर पास.

आखूड रंगाची किंमत हुकूम जुळल्यावरच धरायची. भिडूच्या रंगाला चार पानी साथ असेल तर व्हॉइडचे ५, सिंगलटनचे ३, डबलटनचा (दोनच पानं) १ पॉइंट. भिडूच्याच रंगात व्हॉइड असेल तर उलट हाताची किंमत कमी धरा. मिसफिट (दोघांचे रंग न जुळणं) दिसला की लवकर पास करा. व्हल्नरेबल (बोनस आणि दंड दोन्ही वाढलेली स्थिती) असताना डबल होऊन (विरोधकांनी दंड वाढवून) एक ट्रिक जरी बुडाली तरी २०० जातात, आणि पार्टस्कोअर (गेमपेक्षा लहान बोलीचे गुण) बहुतेक ११० किंवा १४० चाच असतो.

मॅचपॉइंटमध्ये (तीच पानं खेळणाऱ्या इतर जोड्यांशी गुणांची तुलना होते तिथे) मायनरची गेम शेवटी बघा. नॉन-व्हल्नरेबल पाच किलवर केलेत तर ४००. चार इस्पिक करणारा ४२० घेऊन पुढे जातो, आणि तीन नोट्रंपवर एक ट्रिक जास्त काढणारा ४३०.