खोऱ्यातल्या पावसाचं विश्लेषण: कल काढण्याआधी कोरे रकाने तपासा

पावसाच्या आकड्यांवर काम करणाऱ्याला मिळणारा ठरलेला सल्ला असा: आकडे उतरवून घ्या, मॅन-केंडाल चाचणी (वर्षानुवर्षांच्या आकड्यांत सतत वाढ किंवा घट आहे का, हे तपासणारी संख्याशास्त्रीय चाचणी) चालवा, कल वाढता की घटता ते लिहा. हा सल्ला अर्धवट आहे आणि त्यातून चुकीचे निष्कर्ष निघतात. चाचणी काही सेकंदांत होते, कस लागतो तो त्याआधी.

उदाहरणासाठी उजनीपर्यंतचं भीमेचं खोरं घेऊ. लोणावळ्याला वर्षाला ४,००० मिमीच्या वर पाऊस, पुण्यात ७०० च्या आसपास आणि दौंड-इंदापूरकडे त्याहून कमी. एवढी तफावत एकाच खोऱ्यात आहे, हे शेवटपर्यंत डोक्यात ठेवा.

१. पर्जन्यमापन केंद्रं निवडा. किमान ३० वर्षांच्या दैनंदिन नोंदी हव्यात. खोऱ्याच्या काठाबाहेरची केंद्रंही घ्या.

२. तारखा जुळवा. हवामान विभागाची नोंद सकाळी ८.३० ला संपणाऱ्या २४ तासांची असते आणि ती मोजल्याच्या तारखेवर पडते. म्हणून २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा ९४४ मिमी पाऊस २७ तारखेच्या नोंदीत आहे. वेगवेगळ्या खात्यांचे आकडे एकत्र करताना एका दिवसाचा फरक हमखास सापडतो.

३. निरंक आणि कोरा रकाना वेगळे करा. मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथे. ‘निरंक’ म्हणजे मोजलं आणि पाऊस नव्हता. कोरा रकाना म्हणजे मोजलंच नाही. एक्सेलमध्ये बेरीज करताना दोन्ही सारखेच धरले जातात आणि चांगला पावसाळा कागदावर दुष्काळी होतो. त्यामुळे कोऱ्या जागी शून्य भरून दिलेली फाइल कुणी दिली तर ती वापरू नका, मूळ नोंदवही मागा.

पुढची अडचण साचलेल्या नोंदीची. समजा, जुलैत शनिवारी ६२ मिमी, रविवारी ० आणि सोमवारी ११८ असं दिसतंय. शेजारच्या केंद्रांवर मात्र रविवारी ५०-६० मिमी नोंदलेत. म्हणजे रविवारी कुणी मोजलंच नाही, दोन दिवसांचं पाणी सोमवारी एकदम मोजलं गेलं. हे पकडायला प्रत्येक केंद्राची वारानुसार सरासरी काढा. पावसाला वार कळत नाही. ३० पावसाळ्यांत रविवार कोरडा आणि सोमवार ओला दिसला, तर दोष नोंदीचा आहे. असे आकडे मासिक बेरजेत चालतील, पण एका दिवसाचा कमाल पाऊस किंवा पावसाचे दिवस (२.५ मिमी किंवा जास्त) मोजताना ते बाजूला ठेवा.

गाळलेली जागा भरायची असेल तर ‘जवळच्या ३ केंद्रांची सरासरी घ्या’ हे कृपा करून ऐकू नका. घाटाच्या पूर्वेला थोड्याच अंतरात पाऊस निम्म्याहून खाली येतो. लोणावळ्याचा खाडा तळेगावच्या आकड्याने भरणं म्हणजे लोणावळ्याचा पाऊस पुसून टाकणं. शेजारी निवडताना अंतरापेक्षा सरासरी पाऊस बघा: घाटमाथ्याच्या केंद्राला उत्तर-दक्षिण ओळीतली घाटमाथ्याचीच केंद्रं लावा. शेजाऱ्याच्या आकड्याला आपली सरासरी भागिले त्याची सरासरी या गुणोत्तराने गुणा आणि मग त्यांची सरासरी घ्या. हेही फक्त मासिक आकड्यांसाठी. दैनंदिन खाडे मी भरत नाही, तुम्हीही भरू नका.

मग डबल मास कर्व्ह काढा: एका अक्षावर त्या केंद्राची वर्षागणिक वाढत जाणारी बेरीज, दुसऱ्यावर शेजाऱ्यांच्या सरासरीची. रेषा सरळ जायला हवी. मध्येच वाकली आणि ५-६ वर्षं तशीच राहिली, तर केंद्राची जागा बदलली का, पर्जन्यमापकाशेजारी झाड किंवा इमारत उभी राहिली का, याची चौकशी करा. कारण सापडल्याशिवाय आकड्यांना हात लावायचा नाही. न समजणारा वाक दिसला तर ते केंद्र कल काढताना वगळा.

४. खोऱ्याची सरासरी काढा. पूर्वेच्या सपाट भागात थीसेन बहुभुज (प्रत्येक जागेला सगळ्यात जवळच्या केंद्राचा पाऊस लावणारी विभागणी) पुरेत. घाटाकडे समपर्जन्य रेषाच (सारखा पाऊस पडणाऱ्या जागा जोडणाऱ्या रेषा) काढा, नाहीतर एकटं लोणावळा भोवतालच्या कोरड्या गावांवरही ४,००० मिमी ओततं.

५. कल तपासा. मॅन-केंडाल (कल आहे का) आणि सेनचा उतार (दर वर्षी किती मिमीने बदलतो), दोन्ही. मालिका १९७२ च्या दुष्काळापासून सुरू केली तर कल वाढता दिसण्याकडेच झुकतो, तेव्हा आरंभीचं वर्ष मागेपुढे करून बघा. ४० केंद्रं आणि पावसाळ्याचे ४ महिने म्हणजे १६० चाचण्या. ५ टक्के पातळीवर (म्हणजे कल नसतानाही १०० पैकी ५ वेळा चुकून ‘आहे’ असं उत्तर येणं चालवून घेतलं, तर) त्यातल्या ८ निव्वळ योगायोगाने ‘लक्षणीय’ ठरू शकतात. सुटं एखादं केंद्र उचलून त्याची बातमी करू नका. शेजारची केंद्रं त्याच दिशेने जात असतील तरच कल धरा आणि तो घाटमाथा, मधला पट्टा व पूर्वेचा अवर्षणप्रवण भाग यांसाठी वेगवेगळा, दर दशकाला किती मिमी असा लिहा.