चार्ज, करंट, एनर्जीची गणितं: या चुका टाळा

सोलापुरात मे महिन्यात लाईट गेली की घरोघरी एकच प्रश्न, इन्व्हर्टरवर कूलर किती वेळ चालंल, आणि बारावीची पोरंसुद्धा बॅटरीवरचा आकडा बघून सरळ १५० गुणिले २३० करून मोकळी होतात. अरे बाबा, १५० एएच (अँपिअर-तास) हे चार्जचं माप आहे, एनर्जीचं नाही. अँपिअर गुणिले वेळ, म्हणजे १५० × ३६०० = ५,४०,००० कूलंब. एनर्जी पाहिजे तर त्याला व्होल्टेजनं गुणायचं आणि तेपण बॅटरीचंच, १२, सॉकेटचं २३० नाही. १५० × १२ = १८०० वॅट-तास, म्हणजे जेमतेम १.८ युनिट. १८० वॅटचा कूलर कागदावर १० तास चालतो, खरं तर कमीच, कारण इन्व्हर्टर स्वतः थोडी खातो आणि लेड-अॅसिड बॅटरी पार तळापर्यंत उतरवली तर लवकर बाद होते. आणि कूलर २३० व्होल्टवर अँपिअरभरसुद्धा घेत नाही तेव्हा बॅटरीतून १५ च्या वर अँपिअर निघत असतात, म्हणून तर तिच्या वायरी एवढ्या जाड.

परीक्षेत मात्र सगळ्यात जास्त मार्क मिनिटं खातात. ०.५ अँपिअर, ४ मिनिटं, चार्ज किती? पोरगं लिहितं २ कूलंब. वेळ सेकंदात घ्या की, ०.५ × २४० = १२०. मिलिअँपिअर दिलं असंल तर आधी १००० नं भागा. उत्तर बरोब्बर ६० किंवा १००० पटीनं चुकत असंल तर सूत्र खोडत बसू नका, एककं बघा.

सिरीजमधले, म्हणजे एकामागं एक जोडलेले, दोन बल्ब आले की 'पहिल्यानं करंट खाल्ला, दुसऱ्याला कमी मिळाला' हे हमखास ऐकू येतं. करंट कोणी खात नाही हो! करंट मोजणारा ॲमीटर बल्बच्या अलीकडं लावा नाहीतर पलीकडं, आकडा तोच. खर्च होते ती एनर्जी: ६ व्होल्टची बॅटरी, दोन सारखे बल्ब, तर प्रत्येक कूलंब एकेका बल्बला ३ ज्यूल देऊन पुढं जातो.

अजून एक, किलोवॅट-तास (म्हणजेच बिलातलं युनिट) म्हणजे गुणाकार, 'दर तासाला किलोवॅट' नव्हे. यंत्रमागाची १ एचपीची (हॉर्सपॉवर) मोटर म्हणजे ७४६ वॅट, फुल लोडवर ८ तासांत कागदावर साधारण ६ युनिट, खरं तर जास्तच, कारण मोटर स्वतःपण थोडी खाते. ज्यूलमध्ये मागितलं तर एका युनिटला ३६ लाख धरा.