अमेरिकेची निवडणूक टीव्हीवर बघताना

निवडणुकीच्या रात्री भारतातले नातेवाईक मला एकच विचारतात, "कोण पुढे आहे?" कुठल्या राज्यात, हे सांगितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही. देशभरच्या एकूण मतांना, म्हणजे पॉप्युलर व्होटला, राष्ट्राध्यक्ष निवडताना काही किंमत नसते. २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना ट्रम्प यांच्यापेक्षा सुमारे २९ लाख मतं जास्त पडली, तरी त्या हरल्या. टीव्हीवर ती पट्टी दिसली तर खुशाल दुर्लक्ष करा.

लक्ष ठेवायचं ते २७० या आकड्यावर. राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या मंडळात, म्हणजे इलेक्टोरल कॉलेजमध्ये, राज्यांचे मिळून ५३८ प्रतिनिधी, म्हणजे इलेक्टर असतात, त्यातले निम्म्याहून जास्त लागतात. कॅलिफोर्नियाला ५४ आहेत, वायोमिंगला ३. राज्य जिंकलं की तिथले सगळे इलेक्टर खिशात. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं एवढीच अपवाद. मग मताधिक्य केवढंही असो. २००० साली बुश यांनी फ्लोरिडा अवघ्या ५३७ मतांनी जिंकलं आणि तिथले २५च्या २५ इलेक्टर नेले, अध्यक्षपदही नेलं.

म्हणूनच महत्त्व स्विंग स्टेटना, म्हणजे जिथे निकाल कुठल्याही पक्षाकडे झुकू शकतो अशा राज्यांना. कॅलिफोर्नियाचा निकाल आधीच ठाऊक असतो, तो बघत जागू नका. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, ॲरिझोना, नेव्हाडा, नॉर्थ कॅरोलिना ही नावं कागदावर लिहून जवळ ठेवा.

रंगांचं म्हणाल तर निळा डेमोक्रॅटिक पक्षाचा, लाल रिपब्लिकनांचा. लाल म्हणजे डावे हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, इथे नेमकं उलट. हे रंगही काही पिढीजात नाहीत, २०००च्या निवडणुकीनंतर रुळले. चिन्हांत गाढव डेमोक्रॅटांचं, हत्ती रिपब्लिकनांचा. रिपब्लिकनांना जीओपी, म्हणजे ग्रँड ओल्ड पार्टी म्हणतात. खरं तर दोघांत जुना पक्ष डेमोक्रॅटिकच.

पक्षाचा उमेदवार ठरतो प्रायमरीत, म्हणजे पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत, आणि ठरवतात ते मतदार, पक्षश्रेष्ठी नव्हेत. मी पेनसिल्व्हेनियात राहते. इथे मतदार म्हणून नोंदणी करतानाच त्या सरकारी फॉर्मवर पक्ष लिहायचा असतो. वर्गणी नाही, सभासदाचं कार्ड नाही, पुढे पक्ष बदलताही येतो. पण इथली प्रायमरी क्लोज्ड, त्यामुळे डेमोक्रॅट म्हणून नोंद असेल तर त्याच पक्षाची मतपत्रिका हातात पडते. मी मतदार यादी घेऊन केंद्रावर बसते, तेव्हा दर प्रायमरीला कुठल्याच पक्षाची नोंद नसलेला कुणीतरी मतदार, उमेदवार निवडता येत नाही म्हणून येऊन भांडतोच. काय करणार, नियम तसा आहे. नोव्हेंबरात मात्र कुणीही कुणालाही मत देऊ शकतं. काही राज्यांत प्रायमरीऐवजी कॉकस, म्हणजे सभा भरवून निवड होते. एकाच मंगळवारी अनेक राज्यांच्या प्रायमऱ्या आल्या की तो सुपर ट्यूजडे.

आता मोजणी. देशभरचा निकाल जाहीर करणारा निवडणूक आयोग अमेरिकेत नाही. मतं बहुतेक ठिकाणी काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग मोजतो, शिक्कामोर्तब राज्य करतं, तेही काही आठवड्यांनी. त्या रात्री तुम्ही ऐकता तो असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था किंवा वाहिन्यांनी बांधलेला अंदाज. 'कॉल केलं' म्हणजे त्यांच्या हिशेबाने मागे पडलेला उमेदवार आता गाठू शकत नाही. 'टू क्लोज टू कॉल' म्हणजे चुरस इतकी की अजून सांगता येत नाही, चहा टाका.

आमच्या राज्यात टपाली मतांची पाकिटं निवडणुकीच्या दिवशी सकाळी ७च्या आधी उघडायला बंदी आहे. पाकिटात पाकीट असतं. बाहेरच्यावर सही, आतलं गुप्ततेसाठी. ते आतलं विसरलं तर मतपत्रिका 'नेकेड बॅलट' ठरते आणि मत बाद. या उघडाउघडीत वेळ जातो. २०२० साली टपालाने मतं पाठवणाऱ्यांत डेमोक्रॅट जास्त होते, म्हणून मंगळवारी रात्री इथे ट्रम्प बरेच पुढे दिसत होते. ती आघाडी विरत गेली आणि शनिवारी, ७ नोव्हेंबरला बायडन यांच्या नावाने कॉल झाला. याला रेड मिराज, म्हणजे लाल (रिपब्लिकन) मृगजळ म्हणतात. घोटाळा नव्हे, पाकिटं उघडण्याचा क्रम.

अध्यक्षीय निवडणुकीनंतर दोन वर्षांनी येते ती मिडटर्म. तेव्हा अध्यक्षपद मतपत्रिकेवर नसतं. संसदेच्या दोन सभागृहांपैकी प्रतिनिधीगृहाच्या सगळ्या ४३५ जागा आणि सिनेटच्या साधारण एक तृतीयांश जागा लढवल्या जातात. त्या रात्री २७० विसरा, प्रतिनिधीगृहात बहुमताचा आकडा २१८.