तेलविहिरीत रसायनाचा डोस नेमका कसा ठेवावा

आधी हिशेब. विहिरीतून दिवसाला ५०० बॅरल पाणी येत असेल, म्हणजे साधारण ७९,५०० लिटर, आणि गंजरोधकाचा डोस ५० पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांमागे ५० भाग) हवा असेल, तर दिवसाला जवळपास ४ लिटर लागतात; मिनिटाला अवघे २.८ मिलि.

एवढ्या बारीक प्रवाहासाठी रसायन सोडणाऱ्या पंपाच्या डायलवर विसंबू नका. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून पंपाला खुणा असलेल्या काचेच्या नळीतून रसायन ओढू द्या आणि घड्याळ लावा. पाच मिनिटांत पातळी १४ मिलि उतरायला हवी. मोजणी विहिरीचा दाब पंपावर असतानाच करा, कारण दाब वाढला की प्रत्येक स्ट्रोकमागे, म्हणजे दट्ट्याच्या एका फेरीमागे, पंप कमी माल ढकलतो. मग स्ट्रोकची लांबी थोडी बदला, पुन्हा मोजा.

पातळी हललीच नाही, तर आधी गाळणी पाहा, मग पंपात हवा अडकली आहे का ते. चेक व्हॉल्व्हच्या (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेच्या) गोळीखाली कचऱ्याचा एक कण बसला तरी रसायन मागे फिरतं. उलट, विहीरच रसायन खेचत असेल तर पंप थांबवूनही टाकी रिकामी होत राहते. तिथे बॅक-प्रेशर व्हॉल्व्ह, म्हणजे ठरावीक दाब आल्याशिवाय न उघडणारी झडप, हवाच. थंडीत रसायन घट्ट होतं, तेव्हा मोजणी नव्याने करा.