छिंगहाओ आणि हिवताप: काढा ठेवण्याआधी या चुका टाळा

हिवतापावरचं आजचं सगळ्यात भरवशाचं औषध, आर्टेमिसिनिन, छिंगहाओ या चिनी वनस्पतीतून आलं. शास्त्रीय नाव आर्टेमिसिया अॅन्युआ. या शोधासाठी चिनी शास्त्रज्ञ यूयू तू यांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं. पण ‘वनस्पतीतून औषध निघालं’ याचा अर्थ ‘पानं खाल्ली की ताप गेला’ असा लावला जातो, आणि बहुतेक चुकांचं मूळ तिथे आहे.

आधी झाडाची ओळख. जोतिबाला वाहतो तो आपला दवणाही आर्टेमिसियाच, पण जात वेगळी, पॅलेन्स. वास छान, अत्तरालाही चालतो. हिवतापावर मात्र तो छिंगहाओच्या जागी चालत नाही. नावात आर्टेमिसिया आहे म्हणून कुठलंही चूर्ण घेऊ नका.

दुसरी चूक म्हणजे काढा. चौथ्या शतकातल्या गे होंग या चिनी वैद्याने लिहून ठेवलेली कृती साधी आहे: मूठभर छिंगहाओ पाण्यात भिजवा, पिळा आणि रस पिऊन टाका. त्यात उकळणं नाही! यूयू तू यांचं लक्ष नेमकं इथेच गेलं. उष्णतेने गुण जात असावा असं धरून त्यांनी साधारण ३५ अंशांना उकळणारा ईथर वापरला आणि ऑक्टोबर १९७१ मध्ये तो अर्क उंदरांमधल्या हिवतापावर पूर्ण लागू पडला. पुढच्या वर्षी त्यातून आर्टेमिसिनिन वेगळं झालं. या रेणूची सगळी ताकद दोन ऑक्सिजन अणूंच्या एका नाजूक बंधात आहे. हिवतापाचा परजीवी रक्तातलं हिमोग्लोबिन खातो, त्यातून सुटणारं लोह हा बंध तोडतं आणि तयार होणारे घातक कण परजीवीलाच मारतात. मला तरी ही युक्ती फार देखणी वाटते.

मग न उकळता, भिजवूनच प्यावं का? तेही नको. आर्टेमिसिनिन पाण्यात जेमतेम विरघळतं. सुक्या पानांत ते कधी ०.१ टक्का, कधी एक टक्क्याहून जास्त. वाण, हवामान, तोडणी यांवर सगळं अवलंबून. म्हणजे तुमच्या कपात किती उतरलं हे सांगायला कुणी नाही. शिवाय ते काही तासांतच शरीरातून निघून जातं. ताप उतरतो, आपण खूश होतो, आणि उरलेले परजीवी काही दिवसांनी पुन्हा वाढतात. अशा अपुऱ्या मात्रेने औषधाला दाद न देणारे परजीवी टिकून राहण्याचा धोका असतो. जागतिक आरोग्य संघटना हिवतापासाठी या वनस्पतीचा चहा किंवा चूर्ण वापरायला पाठिंबा देत नाही, ना उपचारासाठी, ना प्रतिबंधासाठी.

म्हणूनच आर्टेमिसिनिनपासून बनवलेलं औषध एकटं न देता शरीरात जास्त काळ टिकणाऱ्या दुसऱ्या औषधासोबत देतात. या जोडउपचाराला एसीटी म्हणतात. गडचिरोलीसारख्या हिवतापग्रस्त भागात आशाताईंकडून झटपट रक्ततपासणी होते, ती टाळून थेट गोळ्या मागू नका. परजीवी कोणत्या जातीचा आहे यावर औषध ठरतं: फाल्सिपॅरम जातीला एसीटी लागते. व्हायव्हॅक्स जातीला आपल्याकडे क्लोरोक्विन आणि प्रायमाक्विन देतात; प्रायमाक्विन यासाठी, की यकृतात दडून बसलेल्या परजीवीला आर्टेमिसिनिन काहीच करत नाही. ‘पूर्ण कोर्स केला तरी ताप परत आला’ या तक्रारीमागे अनेकदा प्रायमाक्विनचे चौदा दिवस अर्धवट सोडलेले असतात. जी-६-पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची कमतरता असेल तर मात्र प्रायमाक्विन घेण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं.

आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन या एसीटीच्या गोळ्या उपाशीपोटी घेणं ही आणखी एक हमखास चूक. ल्युमेफॅन्ट्रिनला स्निग्ध पदार्थ लागतात, त्यामुळे दूध किंवा जेवणासोबत घ्या. तीन दिवसांत सहा मात्रा असतात, आणि दुसरी पहिलीनंतर आठ तासांनी. गोळी घेतल्यावर तासाभरात उलटी झाली तर ती मात्रा पुन्हा घ्यावी लागते.

रुग्ण गुंगीत असेल, झटके येत असतील किंवा तोंडाने काही पोटात ठरत नसेल, तर गोळ्यांचा विचार सोडा आणि तडक रुग्णालय गाठा. तिथे आर्टेमिसिनिनपासूनच बनवलेल्या आर्टेसुनेटचं इंजेक्शन देतात.