बर्लिनमध्ये घर मिळालं? आता मोहल्ल्यातलं चर्च बघा

आनमेल्डुंगच्या, म्हणजे पत्त्याच्या नोंदणीच्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. तो घाईत भरू नका. नगरहून आलेल्या एका ख्रिस्ती मुलाने सरळ मनाने ‘एव्हांगेलिश’, म्हणजे प्रोटेस्टंट, लिहिलं आणि पगाराच्या स्लिपवर चर्चचा कर कापलेला पाहून हादरला. बर्लिनमध्ये हा कर आयकराच्या 9 टक्के असतो, बायर्न (बव्हेरिया) राज्यात 8. चर्चमधून बाहेर पडायचं तर कोर्टात जाऊन तसं लिहून द्यावं लागतं आणि तोवर कापलेले पैसे गेले ते गेले. बाप्तिस्मा झालेला असेल, मंडळीत राहायचं असेल, तर कर जरूर भरा. पण समजून भरा. बाकीच्यांनी तिथे काहीही लिहू नये.

आता चर्चमध्ये जाण्याबद्दल. त्याला कर लागत नाही आणि तुमचा धर्म कोणी विचारत नाही. आपली बरीच मंडळी गणपती आणि दिवाळीपलीकडे कुठे फिरकत नाहीत, मग वर्षानुवर्षं ‘जर्मन लोक बोलत नाहीत’ म्हणत बसतात. मला हे पटत नाही.

बर्लिनच्या प्रेन्झलाउअर बर्ग भागात असाल तर श्टारगार्डर श्ट्रासेवरचं गेथसेमाने चर्च बघाच. आउगुस्ट ओर्ट या वास्तुविशारदाने बांधलेलं, 1893 साली उघडलेलं. कामगारांच्या चाळी भराभर वाढत होत्या, त्या वस्तीसाठी हे लाल विटांचं, उंच मनोऱ्याचं चर्च उभं राहिलं. आत वर सज्जे आहेत, त्यामुळे खूप माणसं मावतात. ऑक्टोबर 1989 मध्ये याचा अर्थ कळला. तेव्हाच्या कम्युनिस्ट पूर्व जर्मनीत राजकीय कारणांवरून अटक झालेल्यांच्या सुटकेसाठी इथे रात्रंदिवस दार उघडं ठेवून प्रार्थना चालल्या, दाराशी मेणबत्त्या तेवत होत्या. 7 ऑक्टोबरला आसपासच्या रस्त्यांवर पोलिसांनी लोकांना बडवलं, तेव्हा आसरा याच दाराआड मिळाला. ज्यांना देवाशी देणंघेणं नव्हतं तेही आत आले. म्हातारे शेजारी अजून सांगतात, फक्त विचारा.

उपासना चालू असताना फोटो काढू नका.

मुलं लहान असतील तर मोहल्ल्यातल्या चर्चच्या बालवाडीत लवकर नाव घाला. नोव्हेंबरात सेंट मार्टिनच्या कंदील मिरवणुकीला जा. आणि जर्मन बोलायची खरी सवय हवी असेल तर ‘लाइब उंड झेले’ या उपक्रमाच्या गरजूंसाठीच्या अन्नवाटपाला हातभार लावा. बर्लिनच्या बऱ्याच चर्चमध्ये आठवड्यातून एकदा ते असतं. भाज्या निवडताना, खोकी उचलताना व्याकरण कोणी तपासत नाही. वेळ दारावरच्या फलकावर असते, ती बघून थेट जा.