जुना पीसी ओव्हरक्लॉक कसा करावा, आणि तो हँग झाला तर आधी काय बघावं

इंटेलचा कोअर आय-फाइव्ह २५००के जानेवारी २०११ मध्ये बाजारात आला. तेव्हा दहावीत असलेली पोरं आज नोकरीला लागली, तरी हा प्रोसेसर कितीतरी घरांत आणि डीटीपीच्या दुकानांत अजून राबतोय. कागदावर त्याचा वेग ३.३ गिगाहर्ट्झ, पण ४.२ला बिनतक्रार पळणारे नग पुष्कळ आहेत. कागदावरच्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त पळवणं, यालाच ओव्हरक्लॉक म्हणतात. खाली जे सांगतोय ते याच प्रोसेसरसाठी. त्या काळातल्या दुसऱ्या 'के' प्रोसेसरलाही पद्धत हीच लागू पडते, फक्त आकडे त्याचे त्याचे बघून घ्या.

एक गोष्ट आधीच सांगतो. पीसीत अजून जुनी हार्ड डिस्कच असेल तर हे सगळं राहू द्या आणि पहिल्यांदा एसएसडी टाका. विंडोज उघडायला दोन मिनिटं लागत असतील, तर ती ओव्हरक्लॉकने कमी होत नाहीत. ओव्हरक्लॉकचा फायदा दिसतो तो व्हिडिओ रेंडर करताना, गेम खेळताना, मोठी फाइल झिप करताना.

हे जमणार आहे का?

सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर उघडा. प्रोसेसरच्या नावापुढे 'के' हवा, म्हणजे मल्टिप्लायर (ज्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो आकडा) मोकळा आहे. मेनबोर्डच्या टॅबमध्ये चिपसेट बघा. पी६७, झेड६८ किंवा झेड७७ असेल तर पुढे वाचा. एच६१ किंवा एच६७ असेल तर नाद सोडा, तिथे मल्टिप्लायर वाढवताच येत नाही. सेकंडहँड बोर्ड विकत घेताना नेमकं हेच बघायचं राहून जातं.

आधी झाडू-फडकं

आपल्याकडे त्या अख्ख्या पेटीलाच सीपीयू म्हणतात. तर ती पेटी उघडा. वायर काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या आणि पत्र्याला हात लावून घ्या. हीटसिंकवरचा (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवरचा) पंखा सोडवला की खाली काय दिसतं ते मला माहीत आहे: पट्ट्यांच्या तोंडावर बसलेला धुळीचा राखाडी थर, गोधडीच्या तुकड्यासारखा सलग सोलून निघणारा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो गरागरा फिरून बेअरिंग खराब होतं.

प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली जुनी थर्मल पेस्ट वाळलेल्या चुन्यासारखी झालेली असते. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने ती पुसा आणि वाटाण्याएवढा नवा थेंब मधोमध ठेवा. या पिढीत प्रोसेसरचं झाकण आतून सोल्डर केलेलं आहे, त्यामुळे आतली पेस्ट वाळण्याची भानगड नाही. सोबत आलेला इंटेलचा कूलर असेल तर त्याच्या चारही पिना 'टक' वाजेपर्यंत दाबा, आणि बोर्डाच्या मागून डोकावून चारही बाहेर आल्यात याची खात्री करा. एक पिन अर्धवट बसली तरी तापमान लगेच चढतं. खरं तर ४ गिगाहर्ट्झच्या वर जायचं असेल तर टॉवरच्या आकाराचा कूलर घ्याच.

मूळ वेगावर पीसी ठणठणीत आहे ना?

ही पायरी सगळे गाळतात. मीही गाळली होती. ४.३ला रोज निळी स्क्रीन यायची, आणि मी दर वेळी व्होल्टेज ०.०१ने वाढवत १.३८पर्यंत जाऊन पोचलो. तीन आठवडे हेच. शेवटी वैतागून बायोस (विंडोजच्या आधी उघडणारा बोर्डाच्या सेटिंगचा मेनू) मूळ सेटिंगवर आणला, तर तिथेही निळी स्क्रीन! दोनपैकी एक रॅमची काडी आधीपासूनच खराब होती. प्रोसेसर बिचारा उगाच तापला.

म्हणून पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ प्लस हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर टाका आणि रात्रभर चालू द्या. सकाळी लाल ओळ एकही दिसता कामा नये. दिसली तर एकेक काडी लावून वेगवेगळी तपासा. मग प्राइम९५, म्हणजे प्रोसेसरला पूर्ण जोर लावून गणितं करायला लावणारं सॉफ्टवेअर, तासभर चालवा. मूळ वेगावर जो पीसी डळमळतो, त्याला ओव्हरक्लॉक करण्यात अर्थ नाही. आणि फोटो, हिशेब, कामाच्या फाइल आधी दुसरीकडे कॉपी करून ठेवा. रॅम किंवा प्रोसेसर चुकायला लागला की फाइल गुपचूप खराब होतात.

आता बायोस

हिशेब सोपा आहे. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ, त्याला मल्टिप्लायर ३३ने गुणलं की ३.३ गिगाहर्ट्झ. बेस क्लॉकला हात लावू नका. त्याच ठोक्यावर सॅटा आणि पीसीआय एक्स्प्रेसही चालतात, त्यामुळे तो थोडा जरी जास्त वाढवला तरी डिस्क रुसते. वाढवायचा तो मल्टिप्लायर.

बायोसमध्ये कुठे 'सीपीयू रेशो' असेल, कुठे 'टर्बो रेशो'. चारही कोअरना ४० द्या. व्होल्टेज 'ऑटो'वर ठेवू नका, कारण ऑटोवर बहुतेक बोर्ड गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज ओततात. हाताने १.२५ द्या. रॅम १३३३ मेगाहर्ट्झ आणि १.५ व्होल्टवरच राहू द्या, तिला या भांडणात ओढू नका. 'लोड लाइन कॅलिब्रेशन' मधल्या पायरीवर ठेवा. प्रोसेसरवर जोर आला की व्होल्टेज थोडं खाली बसतं, ते सावरायचं काम ही सेटिंग करते. सगळ्यात वरच्या पायरीवर ती उलट व्होल्टेज उसळवते.

सेव्ह करा, विंडोज उघडा, प्राइम९५चं 'स्मॉल एफएफटी' २० मिनिटं चालवा. शेजारी एचडब्ल्यूइन्फोमध्ये प्रत्येक कोअरचं तापमान दिसत राहू द्या. टिकला तर मल्टिप्लायर ४१, मग ४२. अडखळला तर व्होल्टेज ०.०१ वाढवा आणि पुन्हा तीच परीक्षा. एका वेळी एकच गोष्ट बदला. शेजारी वही ठेवा: तारीख, मल्टिप्लायर, व्होल्टेज, सर्वाधिक तापमान, खोलीचं तापमान, किती वेळ टिकला. चौथ्या रीस्टार्टनंतर काय बदललं होतं ते कुणालाच आठवत नाही.

मी १.३५च्या वर जात नाही. उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. ३.३वरून ४.२ला जाताना व्होल्टेज १.२०चं १.३० केलं, तर उष्णता जवळपास दीडपट होते. शेवटच्या ०.२ गिगाहर्ट्झसाठी जी किंमत मोजावी लागते, ती मला पटत नाही. ४.२ला थांबा.

आणि खोलीचं तापमान वहीत का लिहायचं? जानेवारीत नाशिकला खोली १८ अंशांवर असताना ७० दाखवणारा कोअर मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत ९०च्या वर जाईल. या प्रोसेसरची हद्द ९८ अंश आहे, तिथे तो स्वतःहून वेग कमी करतो. हिवाळ्यात जुळवलेलं सेटिंग एप्रिलमध्ये पुन्हा तपासायचंच. विदर्भात राहत असाल तर मुळात उन्हाळ्यातच जुळवा.

पडला, तर कसा पडला ते बघा

निळ्या स्क्रीनवर 'क्लॉक वॉचडॉग टाइमआउट' किंवा 'व्हिया अनकरेक्टेबल एरर' असेल, तर बहुतेक वेळा प्रोसेसरला व्होल्टेज कमी पडतंय. 'मेमरी मॅनेजमेंट' असेल तर संशय आधी रॅमवर घ्या.

प्राइम९५ मध्ये एखादा वर्कर थांबून 'राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४' म्हणतो. पीसी चालू असतो, माउस हलत असतो, पण गणित चुकलेलं असतं. 'बाकी तर सगळं चालतंय' म्हणून हे सोडून देऊ नका. ०.०१ वाढवा, नाहीतर एक पायरी खाली या.

कधीकधी काहीच होत नाही, पण विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'व्हिया-लॉगर'च्या १९ क्रमांकाच्या नोंदी साचत जातात. चूक झाली आणि प्रोसेसरने ती सावरून घेतली, असा त्याचा अर्थ. पुढची चूक सावरली जाईलच असं नाही.

जोरात काम करताना टिकतो आणि नुसता बसलेला असताना हँग होतो, हा प्रकार माणसाला चक्रावून टाकतो. व्होल्टेज 'ऑफसेट' पद्धतीने (मूळ व्होल्टेजमध्ये ठरावीक वाढ किंवा घट करून) दिलं असेल आणि ऑफसेट उणे असेल, तर रिकामपणी ते फारच खाली जातं. ऑफसेट थोडा वाढवा.

निळी स्क्रीनही न येता पीसी झटकन बंद होत असेल तर आधी तापमान बघा. ते ठीक असेल तर एसएमपीएस, म्हणजे पेटीतला वीज पुरवणारा डबा. जुन्या एसएमपीएसचे कपॅसिटर थकलेले असतात. मोलेक्स कनेक्टरच्या पिवळ्या आणि काळ्या वायरवर मल्टिमीटर लावा आणि प्राइम९५ चालू करा. १२ व्होल्टची रेषा ११.४च्या खाली जात असेल तर एसएमपीएस बदला. तो उघडून दुरुस्त करायला मात्र जाऊ नका, प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणं व्होल्टेज साठलेलं असतं.

बायोसच येईना झालं, तर प्लग काढून बोर्डावरचा सीएमओएस क्लिअरचा जंपर काही सेकंद जोडा, सगळं मूळ पदावर येतं.

सगळं जुळलं की बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढून ठेवा. बायोसची सेटिंग आणि घड्याळ जपणारा बोर्डावरचा सीआर२०३२ सेल या वयात कधीही दगा देतो. एखाद्या सकाळी पीसी पुन्हा ३.३वर चालताना दिसला आणि घड्याळात भलतीच जुनी तारीख असेल, तर ओव्हरक्लॉक बिघडलेला नाही, फक्त सेल संपलाय. घड्याळजीकडे मिळतो.